कृष्ण ऊर्जा ओसरतेय, असं नक्की कोण म्हणतंय?

मार्च २०२५ मध्ये लाखो दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या 'डेसी' या अमेरिकेतल्या प्रकल्पाने आपल्या पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष जाहीर केले आणि लगोलग मथळे फिरू लागले. कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी डार्क एनर्जी, कमकुवत होतेय. आइन्स्टाइन चुकला. विश्व पुन्हा आकसणार. मूळ शोधनिबंधात यातलं पहिलं विधान भरपूर जर-तर लावून आलं आहे. दुसरं आणि तिसरं आलेलंच नाही. तेव्हापासून हा विषय थंडावलेला नाही. कधी कुणी आकड्यांची फेरतपासणी करतं, कधी कुणी आणखी मोठा दावा करतं, आणि वाचणारा मात्र होता तिथेच राहतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या सगळ्या गदारोळाच्या मुळाशी एक साधा आकडा आहे: विश्वात पदार्थाचा वाटा किती. तीन वेगवेगळ्या मार्गांनी मोजला तरी तो एकच यायला हवा होता, आणि तसा तो येत नाही. 'कृष्ण ऊर्जा ओसरतेय' हा त्या न जुळण्याचा लावलेला एक अर्थ आहे. तो बरोबर असू शकतो. पण आधी आकडा समजून घेऊ, अर्थ नंतर.

## ताणलेला प्रकाश

विश्व प्रसरण पावतंय हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात, कारण त्यांच्या आणि आपल्या मधली जागाच ताणली जातेय. (दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आपली आकाशगंगा त्यांपैकीच एक.) बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी ती जगासमोर ठसठशीतपणे आली.

जागा ताणली गेली की तिच्यातून येणारी प्रकाशाची लहरही ताणली जाते आणि तिचा रंग लालकडे सरकतो. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. हायड्रोजन किंवा ऑक्सिजनच्या प्रकाशात ठरावीक जागी ठरावीक रेषा असतात. त्या किती सरकल्या ते पाहिलं, की प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पटींनी मोठं झालं ते थेट कळतं. लहर दुप्पट लांब झाली असेल तर विश्वही तेवढ्या काळात दुप्पट ताणलं गेलं.

पण तेवढं ताणलं जायला वेळ किती लागला? ते ताम्रसृती सांगत नाही. त्यासाठी ती दीर्घिका किती लांब आहे हे स्वतंत्रपणे कळावं लागतं, म्हणजे प्रकाश किती काळ वाटेत होता याचा हिशेब लागतो. ताम्रसृती आणि अंतर, या दोन्हींच्या जोड्या अनेक काळांसाठी जमवल्या की प्रसरणाचा वेग कधी किती होता याचा आलेख तयार होतो. ताम्रसृती मोजणं त्या मानाने सोपं. विश्वशास्त्रातली बहुतेक भांडणं अंतरावरून होतात.

एक शंका इथेच निकालात काढू. जागा ताणली जातेय, मग आपण का ताणले जात नाही? कारण अणू विद्युत बलाने बांधलेले आहेत आणि सूर्यमाला, आकाशगंगा गुरुत्वाकर्षणाने. प्रसरण जाणवतं ते दीर्घिकांच्या समूहासमूहांमधल्या प्रचंड अंतरांवर. शेजारची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येतेय.

## १९९८ चा धक्का

प्रसरण चालू असलं तरी गुरुत्वाकर्षण सगळ्या पदार्थाला एकमेकांकडे ओढतं, त्यामुळे त्याचा वेग काळानुसार मंदावत गेला पाहिजे, असा साधा हिशेब होता. किती मंदावला एवढंच मोजायचं बाकी होतं. १९९० च्या दशकात दोन गट हे मोजायला बसले. एकाचं नेतृत्व सॉल पर्लमटर यांच्याकडे होतं, दुसऱ्यात ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस होते.

अंतरासाठी त्यांनी '१ ए' प्रकारचे सुपरनोव्हा वापरले. श्वेत बटू नावाचा दाट, विझत चाललेला तारा फुटतो तेव्हा हा स्फोट होतो, आणि काही दुरुस्त्या केल्यावर अशा सगळ्या स्फोटांचं तेज जवळपास सारखं भरतं. मूळ तेज ठाऊक असेल तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे अधिक लांब निघाले. प्रसरण मंदावण्याऐवजी गेली काही अब्ज वर्षं वेग घेत होतं. २०११ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

वेग घ्यायला लावणारं जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा हे नाव पडलं. आजच्या प्रचलित हिशेबात विश्वाच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास ६८ टक्के ती, २७ टक्के कृष्ण द्रव्य, म्हणजे ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं पण जे दिसत नाही असं काहीतरी, आणि उरलेले ५ टक्के आपण, तारे, वायू, धूळ वगैरे.

## न विरणारा रंग

कृष्ण ऊर्जेचं वैशिष्ट्य कळायला बादलीत कालवलेल्या रंगाचा विचार करा. बादलीत पाणी ओतत गेलं की रंग फिका होत जातो. विश्व मोठं होतं तेव्हा पदार्थाचं तसंच होतं: तेवढेच अणू अधिक जागेत पसरतात, घनता उतरते. कृष्ण ऊर्जा मात्र, निदान आजवरच्या समजुतीप्रमाणे, असा रंग आहे की पाणी कितीही ओतलं तरी त्याची छटा तीच राहते. जितकी नवी जागा, तितकी नवी ऊर्जा.

आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आपल्या समीकरणांत असाच एक स्थिरांक घातला होता, पण वेगळ्या कारणासाठी. विश्व स्थिर आहे असं त्या काळी मानलं जात होतं आणि गुरुत्वाकर्षणाने ते कोसळू नये म्हणून काहीतरी टेकू हवा होता. विश्व प्रसरण पावतंय हे कळल्यावर टेकूची गरज संपली. १९९८ नंतर तोच स्थिरांक नव्या कामासाठी परत आला. त्यामुळे 'आइन्स्टाइन चुकला' या मथळ्याला फारसा अर्थ नाही. कृष्ण ऊर्जा खरोखर बदलत असली तर हा स्थिरांक जाईल, सापेक्षतावाद जागेवर राहील.

न विरणारी गोष्ट जागेला दूर का ढकलते? सापेक्षतावादात केवळ वस्तुमान ओढत नाही, दाबही गुरुत्वाकर्षणात भर घालतो. ज्या गोष्टीची घनता प्रसरणाने उतरत नाही तिचा दाब गणिताने ऋण येतो, आणि पुरेसा ऋण दाब गुरुत्वाकर्षण उलटं फिरवतो. दाब आणि ऊर्जाघनता यांचं गुणोत्तर 'डब्ल्यू' या अक्षराने दाखवतात. हे अक्षर पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात असू द्या. डब्ल्यू बरोबर उणे १ असेल तर रंग अजिबात विरत नाही. उणे १ पेक्षा थोडं वर, समजा उणे ०.८, असेल तर तो हळूहळू विरतो. उणे १ च्या खाली गेलं तर पाणी ओतल्यावर रंग उलट गडद होतो, आणि तिथे सिद्धांतवाल्यांना घाम फुटतो.

ही ऊर्जा आहे तरी किती? एका घनमीटरमधल्या कृष्ण ऊर्जेचं वजन केलं तर ते साडेतीनेक हायड्रोजन अणूंएवढं भरेल. पृथ्वीएवढ्या आकारमानातली सगळी गोळा केली तरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास. विश्वावर ती राज्य करते, कारण विश्वातली बहुतेक जागा याहूनही रिकामी आहे. पुंज भौतिकीचे, म्हणजे क्वांटम फिजिक्सचे, नियम लावून रिकाम्या जागेची ऊर्जा ढोबळपणे काढली तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा १ वर १२० शून्यं इतक्या पटींनी मोठं येतं. याहून मोठी चूक भौतिकशास्त्राच्या कुठल्याच हिशेबात सापडणार नाही. म्हणूनच कृष्ण ऊर्जा खरोखर स्थिर आहे का, हे तपासायची एवढी घाई असते.

## आवाजाने आखून दिलेलं अंतर

सुपरनोव्हांखेरीज अंतर मोजायचा दुसरा मार्ग आहे, आणि डेसी तोच वापरतो. मला स्वतःला विश्वशास्त्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

महास्फोटानंतरची पहिली सुमारे ३,८०,००० वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की अणू टिकत नव्हते. इलेक्ट्रॉन, अणुकेंद्रं आणि प्रकाश यांचा एकच दाट रस्सा होता. त्यात कुठे कुठे किंचित अधिक दाट जागा होत्या. तिथे गुरुत्वाकर्षण पदार्थ आत ओढायचं, कोंडलेला प्रकाश त्याला बाहेर ढकलायचा, आणि या रेट्यातून दाबाची लहर उठून चहूबाजूंनी पसरायची. दाबाची लहर म्हणजे ध्वनीच. तिचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून थोडा जास्त होता.

मग विश्व निवलं, अणू तयार झाले, प्रकाश सुटला आणि लहरीला ढकलणारं कुणी उरलं नाही. ती होती तिथे थबकली. तोवर प्रत्येक दाट जागेभोवती सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षं त्रिज्येचं एक कवच तयार झालं होतं. (३,८०,००० वर्षांत लहर एवढी लांब कशी गेली? तिने कापलेली वाटही मागे ताणली जात होती.) त्यानंतर विश्व जवळपास १,१०० पट ताणलं गेलं, आणि त्याबरोबर त्या कवचाची त्रिज्याही. आज ती ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे.

दाट जागी आणि कवचावर पुढे दीर्घिका किंचित अधिक संख्येने जन्मल्या. परिणामी आजही कुठल्याही दोन दीर्घिकांमध्ये ४९ कोटी प्रकाशवर्षांचं अंतर असण्याची शक्यता आगेमागेच्या अंतरांपेक्षा जरा जास्त आहे. हे 'जरा' म्हणजे जेमतेम एक टक्का. शंभर-दोनशे दीर्घिका पाहून ते दिसत नाही, लाखो दीर्घिकांचे नकाशे लागतात. २००५ मध्ये दोन सर्वेक्षणांना ते पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

या लांबीचं मूळ माप आपल्याला स्वतंत्रपणे माहीत आहे. सुटलेला तो प्रकाश आजही आकाशात सर्वत्र सूक्ष्मलहरींच्या रूपात भरून आहे. अर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना तो १९६५ मध्ये सापडला, आणि युरोपच्या 'प्लांक' उपग्रहाने त्याचा बारकाईने नकाशा काढला. त्या नकाशात ही कवचं थिजलेल्या अवस्थेत दिसतात. मग कुठल्याही काळातल्या दीर्घिकांमध्ये हीच लांबी आकाशात किती कोनात दिसते ते पाहायचं, आणि अंतर हाती येतं. इथे ताऱ्यांच्या तेजावर भिस्त नाही, वाटेतल्या धुळीची भीती नाही.

## डेसी काय करतं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर ४ मीटर व्यासाची मेयल दुर्बीण आहे. तिच्यावर ५,००० बारीक प्रकाशतंतू बसवलेत आणि प्रत्येकाला हलवणारा चिमुकला रोबो आहे. दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याकडे वळली की पाचही हजार रोबो आपापला तंतू नेमून दिलेल्या दीर्घिकेवर नेऊन ठेवतात. काही मिनिटं प्रकाश गोळा होतो, १० वर्णपटमापक त्याच्या रेषा नोंदतात, आणि मग पुढचा तुकडा. मे २०२१ पासून हे मुख्य सर्वेक्षण चालू आहे. पहिल्या तीन वर्षांत जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या ताम्रसृती हाती आल्या. क्वेसार म्हणजे कृष्णविवराभोवतीच्या वायूने झळाळणारी दीर्घिकांची केंद्रं. ती फार लांबून दिसतात. या नकाशाची पोच सुमारे ११ अब्ज वर्षं मागेपर्यंत आहे.

विश्लेषण आंधळेपणाने केलं गेलं, हे मुद्दाम सांगायला हवं. माहितीत जाणूनबुजून एक अज्ञात फेरफार करून ठेवलेला असतो. सगळ्या चाचण्या संपून पद्धत कुलूपबंद होईपर्यंत खरं उत्तर काय येणार हे काम करणाऱ्यांनाच कळत नाही. हवं ते उत्तर नकळत काढून घ्यायचा मोह असा आधीच बंद केलेला असतो.

## भांडण ज्यावरून आहे तो आकडा

कृष्ण ऊर्जा स्थिर आहे असं धरून चाला. मग प्रसरणाचा इतिहास ठरवायला मुख्यतः एकच आकडा उरतो: आजच्या विश्वात पदार्थाचा, म्हणजे साधं आणि कृष्ण द्रव्य धरून, वाटा किती.

डेसी म्हणतं २९.७ टक्के. प्लांकच्या सूक्ष्मलहरी म्हणतात ३१.५ टक्के. सुपरनोव्हांच्या तीन मोठ्या सूची म्हणतात ३३ ते ३५.६ टक्के.

बातमी एवढीच आहे. प्रत्येक आकड्यात मोजण्याची चूक किती असू शकते हे धरलं तर कुठलेही दोन एकमेकांपासून फार भयंकर लांब नाहीत. पण तिघांना एकत्र बसवायला गेलं की स्थिर कृष्ण ऊर्जेचं विश्व तिघांनाही नीट पुरत नाही. कृष्ण ऊर्जेला बदलायची मुभा दिली, की तिन्ही गोष्टी एका चित्रात बसतात. त्या चित्रात डब्ल्यूची आजची किंमत, कुठली सूची धरता त्यावर, उणे ०.८४ पासून उणे ०.६७ पर्यंत येते. म्हणजे रंग फिका होतोय.

यावर लगेच येणारा प्रश्न: मग प्रसरण मंदावू लागलं का? या आकड्यांनुसार नाही. इतकी ओसरलेली कृष्ण ऊर्जाही प्रसरणाला वेग द्यायला पुरते. वेग वाढतोय, फक्त वाढण्याचा जोर कमी होतोय असं हे चित्र आहे.

## ४.२ सिग्मा म्हणजे किती खात्री?

सिग्मा हे योगायोगाचं माप आहे. कृष्ण ऊर्जा खरोखर स्थिर असेल, तरी निव्वळ मोजण्यांच्या चढउतारांमुळे एवढी तफावत दिसण्याची शक्यता किती? ३ सिग्मा म्हणजे साधारण ३७० मध्ये एकदा. कणभौतिकीत शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे काही लाखांत एकदा.

डेसी आणि सूक्ष्मलहरी एवढंच घेतलं तर ३.१ सिग्मा येतात. त्यात सुपरनोव्हांची एकेक सूची मिळवली तर २.८, ३.८ आणि ४.२. मथळ्यांनी अर्थातच शेवटचा उचलला.

या हिशेबात एक गोष्ट येत नाही: मोजणाऱ्याच्या उपकरणात किंवा गृहीतकात चूक असेल तर ती सिग्माला दिसत नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप २' दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचं जाहीर केलं होतं, ५ सिग्माहून अधिक खात्रीने. वर्षभरात तो आकाशगंगेतल्या धुळीचा प्रताप ठरला. सिग्मा खोटे नव्हते. मोजलं होतं ते धुळीला.

उलट बाजूचंही सांगायला हवं. १९९८ मध्ये रीस यांच्या गटाने प्रसरण वेग घेतंय असं म्हटलं तेव्हा त्यांच्या हाती २.८ ते ३.९ सिग्माच होते. फरक एवढा की दुसरा गट स्वतंत्रपणे त्याच उत्तरावर पोहोचला होता, आणि पुढच्या काही वर्षांत सूक्ष्मलहरींनीही साथ दिली. डेसीला तसा भिडू अजून मिळायचा आहे.

## सगळ्यात कच्चा दुवा

मला विचाराल तर संशयाची सुई आधी सुपरनोव्हांकडे वळते. ४.२ चा आकडा ज्या सूचीतून आला ती 'डार्क एनर्जी सर्व्हे' या, डेसीहून वेगळ्या, प्रकल्पाची आहे. तिच्यातले दूरचे १,६०० हून अधिक सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्याने टिपलेत, पण जवळचे १९४ वेगवेगळ्या जुन्या सर्वेक्षणांतून उचललेत. जवळच्यांची आणि दूरच्यांची तुलना हाच तर सगळा खेळ. केंब्रिजच्या जॉर्ज एफ्स्टाथिऊ यांनी दाखवलं की या दोन गटांत तेजाची जेमतेम ४ टक्क्यांची तफावत राहिली असेल तरी कृष्ण ऊर्जा ओसरल्याचा आभास तयार होऊ शकतो. सर्वेक्षणाच्या गटाने ते मान्य केलं नाही, पण नंतर स्वतःच आपलं अंशांकन, म्हणजे तेजाच्या मापांची जुळणी, नव्याने तपासलं, आणि २०२५ च्या अखेरीस आलेल्या सुधारित सूचीत ४.२ चे ३.२ सिग्मा झाले.

त्याच सुमारास दक्षिण कोरियातल्या योन्से विद्यापीठाच्या गटाने उलट्या टोकाचा दावा केला. फुटणारा तारा ज्या वस्तीत जन्मला तिचं वय सुपरनोव्हाच्या तेजावर परिणाम करतं, ती दुरुस्ती केली तर प्रसरण आजच मंदावू लागलेलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. सुपरनोव्हांवर काम करणाऱ्या अनेकांना हे पटलेलं नाही. मलाही एवढ्या मोठ्या दुरुस्तीवर चटकन विश्वास ठेवावासा वाटत नाही. मात्र एकाच प्रकारच्या ताऱ्यांवरून इतकी परस्परविरोधी उत्तरं निघतात, यातच त्या दुव्याची अवस्था कळते.

सुपरनोव्हा सगळे बाजूला ठेवले तर? तर डेसी आणि सूक्ष्मलहरींचे ३.१ सिग्मा उरतात. ते सहज झटकता येत नाहीत.

## सिद्धांतांना हे झेपतं का?

ओसरणारी कृष्ण ऊर्जा सिद्धांतांना नवी नाही. सगळ्या जागेत भरलेलं एक क्षेत्र हळूहळू आपली ऊर्जा गमावतंय, अशी प्रारूपं १९८० च्या दशकापासून आहेत. अडचण वेगळीच आहे. डेसीच्या आकड्यांना उत्तम बसणारी डब्ल्यूची रेघ मागे नेली तर सुमारे ५ अब्ज वर्षांपूर्वी ती उणे १ च्या खाली जाते. म्हणजे रंग आधी गडद होत होता, मग फिका होऊ लागला. साधं क्षेत्र हे करू शकत नाही, काहीतरी अवघड कसरत लागते.

पण त्या रेघेला किती मानायचं? ती काढायला फक्त दोन आकडे वापरलेत, आजची किंमत आणि बदलाचा कल. दोन आकड्यांच्या रेघेला बाक कमी असतात, एका टोकाला ती नीट बसवली की दुसरं टोक आपोआप कुठेतरी जातं. उणे १ च्या खालचा प्रवास हा त्या रेघेचा हट्टही असू शकतो.

हबल वाद, म्हणजे आजच्या प्रसरणवेगाचे (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर) ६७ आणि ७३ असे दोन न जुळणारे आकडे, यातून सुटतो का? नाही. उलट किंचित चिघळतो. आणि विश्वाच्या शेवटाबद्दलच्या मथळ्यांबद्दल एवढंच: मागच्या काही अब्ज वर्षांची रेघ अजून पक्की होत नसताना पुढच्या शेकडो अब्ज वर्षांवर ती वाढवणं हा शुद्ध करमणुकीचा भाग आहे.

## न्यूट्रिनोचं वजन मध्ये कुठून आलं?

आता ज्या गोष्टीकडे बातम्यांचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि मला मात्र जी सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येतो.

न्यूट्रिनो हे विद्युतभार नसलेले, कशातूनही आरपार जाणारे कण. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो आजही प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये ३०० हून अधिक आहेत, तुम्ही बसलात तिथेही. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि ते वाटेत एकमेकांत रूप बदलतात. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात १९९८ मध्ये याचा भक्कम पुरावा मिळाला. रूप बदलायचं तर वस्तुमान हवंच. अशा प्रयोगांवरून तिघांच्या वस्तुमानांची बेरीज निदान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान सांगायचं एकक) असली पाहिजे, हे ठरलं आहे. एकट्या इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट असतं, म्हणजे हे किती हलकं प्रकरण आहे ते पाहा.

इतके हलके कण, पण संख्येने अफाट. त्यामुळे विश्वातल्या पदार्थाच्या वाट्यात त्यांची थोडी भर पडते. इथे तो जुना आकडा परत येतो. साधं द्रव्य आणि कृष्ण द्रव्य किती, हे सूक्ष्मलहरी बरंचसं पक्कं करून टाकतात. डेसी म्हणतं की पदार्थाचा एकूण वाटा कमीच आहे. मग न्यूट्रिनोंसाठी जागा उरते किती? फारच थोडी. कृष्ण ऊर्जा स्थिर धरली तर बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत असली पाहिजे, असं डेसी आणि सूक्ष्मलहरी मिळून सांगतात. खालची भिंत ०.०६ वर, वरची ०.०६४ वर. आणि गणिताला मोकळं सोडलं, वस्तुमान ऋण असायलाही हरकत नाही असं सांगितलं, तर ते खरोखरच शून्याखाली जाऊन बसतं. ऋण वस्तुमानाचा न्यूट्रिनो असू शकत नाही. म्हणजे हिशेबात दुसरं काहीतरी चुकतंय.

कृष्ण ऊर्जेला बदलू दिलं की मर्यादा ०.१६ पर्यंत सैल होते आणि न्यूट्रिनो सुखाने आत मावतात. या पेचात सुपरनोव्हांचा हात नाही, हे ध्यानात घ्या. सूक्ष्मलहरींच्या विश्लेषणातच कुठे बारीक चूक असेल, तर मात्र दोन्ही कोडी एकदमच सुटतील, आणि तसं सुचवणारेही आहेत.

हे तपासायला दुर्बिणीच लागतात असं नाही. जर्मनीतला काट्रिन प्रयोग ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या क्षयातून न्यूट्रिनोचं वस्तुमान थेट मोजतो. त्याची २०२५ ची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे या वादात पडण्याइतकी बारीक नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर बसवलेला जूनो प्रयोग मात्र पडू शकतो. कण धडकला की चमकणाऱ्या २०,००० टन द्रवाने भरलेला हा शोधक साधारण ५३ किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांमधून येणारे न्यूट्रिनो ऑगस्ट २०२५ पासून नोंदतोय. तीन न्यूट्रिनोंपैकी दोन हलके आणि एक जड आहे, की दोन जड आणि एक हलका, हे त्याला मुख्यतः ठरवायचं आहे. त्याला काही वर्षं लागतील. दोन जड निघाले तर बेरीज निदान ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. डेसीच्या मोजण्या तोवर टिकून असतील, तर स्थिर कृष्ण ऊर्जेच्या ०.०६४ च्या मर्यादेत ती बसणार नाही.